रिलीव्हर येईपर्यंत

रविवार, १ डिसेंबर

पोचलो एकदाचा. तुमसरहून निघताना आईनं असा काही डोळ्यांना पदर लावला, की बघणाऱ्याला वाटावं पोरगा सीमेवर चाललाय. प्रवास जेमतेम तीन तासांचा. उद्यापासून दुर्गला एका लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी, सकाळी साडेसहा ते एक. राहायला इथं भिलाईत, जुनवानीला, केवलरामकाकांच्या घराची वरची खोली.

काका मूळचे साकोलीकडचे. छत्तीस वर्षं इथल्या स्टील प्लांटात काढली आणि रिटायर झाल्यावर हे घर बांधलं. नलूकाकूंनी माझी बॅग खाली ठेवायच्या आत लाखोरीच्या डाळीचे वडे पुढ्यात ठेवले. मी नऊ खाल्ले. दहावा लाजेकाजेस्तव सोडला, त्याची चुटपुट अजून आहे.

ही वही भूमिकानं दिली. धाकटी बहीण असून हुकूम थोरल्या बहिणीचा: रोज लिहायचं, मी आले की पहिल्यांदा हीच वाचणार. तर भूमी, वाच. तुझा भाऊ सुखात आहे, खोलीला दक्षिणेची खिडकी आहे आणि तुझी आठवण अजिबात येत नाही.

मंगळवार, ३ डिसेंबर

खोलीत एक कॉम्प्युटर आहे, चांगला दणकट. काकूंच्या मुलाचा, पीयूषचा. तो दोन वर्षांपूर्वी गेला. कसा ते काकू बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. वापर म्हणाल्या, नाहीतरी रोज मी नुसती धूळ पुसते.

त्यात एक जुना गेम आहे. एका बाजूला चार शिकारी, दुसऱ्या बाजूला एक राक्षस. शिकाऱ्यांकडे बंदुका, जाळी, औषधांची पेटी. राक्षस एकटा, पण चौघांना पुरून उरणारा. आधी लपतो, जंगलातली जनावरं खाऊन वाढतो, आणि पुरता वाढला की शिकाऱ्यांना पळता भुई थोडी होते. कंपनीनं हा गेम ऑनलाइन चालवणं कधीच बंद केलंय. आता शिकाऱ्यांपैकी एक मी आणि बाकी तिघांना मशीनच चालवतं. राक्षसाच्या जागेपुढे नाव येतं ‘पीयूष’. राहून गेलं असणार तसंच.

काकू सांगत होत्या, चार दोस्त जमायचे, पण राक्षस कोणालाच व्हायचं नसायचं. एकट्यानं खेळायला कोणाला आवडतं? मग पीयूषच व्हायचा.

आमच्या घरी दोघांत एकच कॉम्प्युटर होता. मी रंगात आलो की भूमी ओल्या हातांनी खुर्ची धरायची आणि म्हणायची, “ऊठ दादा. मी आली, तू जा, जेवून घे.” मी उठेपर्यंत तो हात हलायचा नाही. आज जेवताना ते आठवलं. बरं, येते थोडी आठवण.

शुक्रवार, ६ डिसेंबर

लॅबचं काम अंगवळणी पडलं. दीडला घरी, दोनला खेळायला. आजवर राक्षस एकवीस वेळा मारला! माझी युक्ती अशी की तिघांना समोरून भिडू द्यायचं आणि आपण धबधब्याआडून जाऊन पाठीत गोळ्या घालायच्या. मानेखाली एक मऊ जागा आहे, तिथं लागलं की खेळ खलास.

पण हा राक्षस जरा येडपट आहे. खात नाही, वाढत नाही, लढत नाही. जंगलाच्या टोकाला एक लोखंडी फाटक आहे, तिथं जाऊन उभा राहतो. मारला की पुढच्या डावात पुन्हा तिथंच. मशीन बिघडलंय बहुतेक.

रविवार, ८ डिसेंबर

आज अंगणात उन्हाला बसून काका प्लांटातल्या गोष्टी सांगत होते. तिथं पाळी संपली म्हणून कोणी उठून जात नाही. आपल्या जागेवर बसणारा माणूस, म्हणजे रिलीव्हर, यावा लागतो.

“भट्टी थोडी थांबते कोनासाठी?” काका म्हणाले. “रिलीव्हर याचा, खांद्यावर हात ठेवाचा अन् म्हनाचा, मी आलो, तू जा. झालं. मंग ते जागा त्याची. मस्करीत म्हनलं तरी त्याची. दुसरा येयेस्तोवर त्याले बी सुटका नाई.”

मी हसून म्हटलं, आमची भूमी अशीच उठवते मला. काका हसले नाहीत.

मग आपणहूनच सांगितलं. पीयूष एका खाजगी कारखान्यात ठेक्यावर होता, सळया ओढायच्या कामावर. दोनला सुटून अडीचला घरी येऊन खेळायला बसायचा. त्या दिवशी त्याचा रिलीव्हर आलाच नाही. त्यानं दोन वाजता बापाला फोन केला, काय करू म्हणून.

“मीनंच म्हनलं त्याले, थांब. जागा नको सोडू.”

सहा वाजता थकलेला हात चुकला आणि तापलेली सळई मानेखाली लागली. काकू वड्यांचं ताट तसंच ठेवून आत गेल्या. काकांनी मला दुसऱ्यांदा सांगितलं, “मीनंच म्हनलं.” त्यांच्याजवळ नुसता बसून राहिलो.

मंगळवार, १० डिसेंबर

शुक्रवारनंतर गेमला हात लावला नव्हता. आज लावला. राक्षस फाटकाशी उभा होता. मी बंदूक खाली घेऊन जवळ गेलो. पहिल्यांदाच नीट पाहिलं. उभा राहून राहून दमलेल्या माणसासारखे त्याचे गुडघे लवत होते. मशीन असं कशाला दाखवेल?

खालच्या कोपऱ्यात खेळाडूंना एकमेकांना निरोप लिहायची पट्टी असते. तिच्यात आपोआप अक्षरं उमटली:

पीयूष: रिलीव्हर आला का?

मी कॉम्प्युटरची वायर ओढून काढली. भीती वाटली हे खरं, पण त्याहून वाईट वाटलं ते वेगळंच. एकवीस वेळा. धबधब्याआडून, मानेखाली. आणि प्रत्येक वेळी मी टाळी वाजवली होती.

बुधवार, ११ डिसेंबर

लॅबमध्ये लक्ष लागलं नाही. कोणीतरी थट्टा करतंय म्हणावं, तर मशीनला इंटरनेटच नाही. काकांना सांगावं, तर कोणत्या तोंडाने? तुमचा मुलगा अजून तिथंच थांबलाय, तुम्ही सांगितलं म्हणून?

दोनला बसलो. तो फाटकाशीच होता. पुन्हा तोच प्रश्न.

मला वाटलं, दोन शब्द तर लिहायचे. दोन वर्षं कोणी लिहिले नाहीत, आपण लिहू. मी लिहिलं: मी आलो, तू जा.

तो बराच वेळ हलला नाही. मग फाटक उघडलं आणि तो बाहेर गेला. जाताना दिसला तो राक्षसासारखा नव्हताच, खांदे पाडून सुट्टीला निघालेला पोरगा होता. मी रडलो. मोठ्यानं रडलो आणि बरं वाटलं.

यादीत राक्षसापुढची जागा रिकामी झाली. मग तिथं नाव आलं. प्रशांत. माझं.

गुरुवार, १२ डिसेंबर

सकाळी काकू गाणं गुणगुणत होत्या. मला पाहून म्हणाल्या, “काल पीयूष आला होता सपनात. हात धुतले, म्हने आई, भूक लागली. पोटभर जेवला पाहा.” दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना गाढ झोप लागली. काकांनी दाढी केली होती. घर कसं हलकं झालं होतं. मला सार्थक वाटलं.

दुपारी एकला लॅबमधून निघालो. बाजारात जायचं होतं. पण दोन वाजता पाहतो तो मी खुर्चीत होतो. जिना चढल्याचं आठवत नाही.

शनिवार, १४ डिसेंबर

आता मी राक्षस आहे आणि ते चौघे शिकारी. दोनला सुरू होतं. पहाटेपर्यंत संपत नाही, कारण माझ्यानंतर कोणी नाही.

चौथा शिकारी चांगला खेळतो. बाकीचे समोरून येतात, तो धबधब्याआडून येतो. त्याचं नावही प्रशांतच. माझीच चाल, माझीच घाई. मला ठाऊक असतं तो कुठून येणार, तरी वळायला उशीर होतो.

मानेखाली लागतं. खरोखर लागतं. भाजल्यासारखं. आरशात पाहिलं तर लाल चट्टा होता.

काकू ताट वर घेऊन आल्या. म्हणाल्या, पीयूषही असाच खुर्चीतून न उठता जेवायचा. माझ्या केसांवरून हात फिरवला. मला सांगायचं होतं. पण सांगितलं तर ही बाई पुन्हा झोपायची नाही. गप्प जेवलो.

सोमवार, १६ डिसेंबर

घरी जायचं ठरवलं. सकाळीच दुर्ग स्टेशन गाठलं. तिकीट काढलं, गाडीत बसलो, खिडकीची जागा मिळाली. गाडी लेट. दोन वाजले —

तिकीट खिशात आहे. मी खुर्चीत आहे.

आईला फोन लावला. ती हॅलो हॅलो करत राहिली. म्हणाली, कोणत्या कारखान्यातून बोलून राहिले, मशीनच ऐकू येते. मी ओरडत होतो.

आता पाय हलत नाहीत. मंगळवार उजाडला तरी नाही.

बुधवार, १८ डिसेंबर

तोंडातून दुसरं काही निघत नाही. काकू वर आल्या तेव्हा पाणी मागितलं तर निघालं, रिलीव्हर आला का? त्या हसल्या. प्लांटवाल्यांच्या घरात राहून तसाच झाला म्हणाल्या.

फक्त लिहिता येतं.

दुपारी काका वर आले. पडद्यावरचं नाव पाहिलं. माझ्या मानेखाली पाहिलं. मी वही पुढे सरकवली. त्यांनी उभ्यानं सगळी वाचली, चष्मा दोनदा पुसला.

मग हात उचलला. माझ्या खांद्यापर्यंत आणला. मी श्वास रोखला — म्हणा काका, म्हणा —

हात तिथंच थांबला. खालून काकूंचं गुणगुणणं येत होतं.

“माह्या मागं नलूचं कोन पाहील, बेटा? माफ कर मले.”

रडत जिना उतरले. मी त्यांना वाईट म्हणत नाही. भूमी, तूही म्हणू नकोस.

शुक्रवार, २० डिसेंबर

काकू सांगून गेल्या. काकांनी माझ्या घरी फोन केला. पोराची तब्येत बरी नाही, घरचं कोणी या म्हणून. त्यांना वाटलं असेल, आपलं माणूस जवळ असावं.

आईचे गुडघे दुखतात. ती येणार नाही.

भूमी येतेय. रविवारी.

ती खोलीत शिरेल, मला खुर्चीत पाहील आणि — लहानपणापासून ती दुसरं काही म्हटलेलीच नाही.

शनिवार, २१ डिसेंबर

काकांना हाका मारल्या. हाक निघाली तीच. ते वर येत नाहीत.

आज आठ वेळा मेलो. पीयूष दोन वर्षं —

दाराला कडी लावायची तर उठायला हवं.

ही वहीच काय ती. येताच पहिल्यांदा वाचेन म्हणाली होती. वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: भूमी, आधी वाच. बोलू नकोस. खुर्चीला हात लावू नकोस.

रविवार, २२ डिसेंबर

फाटक वाजलं. खाली आहे ती. काकू वडे देतायत. हसण्याचा आवाज. किती दिवसांनी —

खा भूमी. नऊ खा. दहावाही खा. वर येऊ नकोस.

खरं सांगू? मला उठायचंय. फार उठायचंय. तुझी पावलं ऐकून मला आधी आनंदच झाला, याची लाज —

जिन्यावर आहे. पुठ्ठा दाराकडे धरायचा तर लिहिता येत नाही, लिहिलं तर पुठ्ठा खाली. धरतो —

दादा म्हणाली. माझ्या मानेकडे पाहतेय. वहीकडे नाही. भूमी वही. वही वाच, वही. मी तोंड उघडलं आणि निघालं तेच — रिलीव्हर आला का —

रडतेय. हात ओला आहे. खुर्चीवर —

नको. लिहितोय बघ, नको म्हणू, नको

“ऊठ दादा. मी आली, तू जा —”

पाय हलके हो