तीन कार्ब्युरेटर, एक शब्द

खातीपुरा, जयपूर
१७ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप मंदाकिनीताई यांस,
रंगनाथचा साष्टांग नमस्कार.

पत्राच्या माथ्यावर 'श्री' लिहिलेले नाही, याची क्षमा असावी. सुतक केव्हाच फिटले; हात मात्र तिथून सुरुवात करीत नाही. माझी प्रकृती ठीक आहे. आपला गुडघा थंडीत त्रास देत असेल. फोनवर बोलावे असे आपण सुचवता, परंतु माझ्या कानांची अवस्था आपणास ठाऊक आहे. 'काय' आणि 'का' यांतला फरक मला समोरच्याच्या ओठांवरून कळतो. म्हणून पत्र.

आपण लिहिता की, विजयमालेच्या वर्षश्राद्धापूर्वी मोटार विकून टाकावी आणि मी कायमचे मिरजेस यावे. आपल्या धाकट्या बहिणीच्या पश्चात आपण माझी ही काळजी करता, याची जाणीव आहे. परंतु उत्तर देण्यापूर्वी मला आपल्याकडून एका शब्दाचा अर्थ हवा आहे. त्यावाचून मला कोणताच निर्णय घेता येत नाही. तो शब्द मोटारीतूनच आला असल्याने प्रथम तिच्याविषयी लिहितो.

कोइमतूरच्या एका गृहस्थांकडून सुटे भाग मागवून विजयमालेने आणि मी अंगणातील पत्र्याच्या शेडमध्ये ती जोडली. दोन माणसांची, बिनछपराची. इंजिन भंगारातील एका लहान मोटारीचे, तीन सिलिंडरांचे. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारा त्याचा मूळ कार्ब्युरेटर निकामी झाला होता. त्याऐवजी प्रत्येक सिलिंडरला एक याप्रमाणे मोटारसायकलींचे तीन कार्ब्युरेटर बसवावेत, ही कल्पना माझी.

"एका घरात तीन सुना आणताय," ती म्हणाली. "चुली वेगळ्या मांडा म्हणजे झालं."

तिचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर ठरले. मोटारीचा पंप पेट्रोल जोराने ढकलतो; मोटारसायकलीचा कार्ब्युरेटर वरच्या टाकीतून आपसूक उतरणाऱ्या पेट्रोलास सरावलेला असतो. पहिल्याच दिवशी तिन्हींमधून पेट्रोल बाहेर वाहिले. पंप काढून एक छोटी टाकी उंचावर बसवली, तेव्हा कुठे त्या तिघी नांदू लागल्या.

पुढचे काम कानांचे होते. तिन्हींनी हवा सारखी ओढली पाहिजे. रबरी नळीचे एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी आणि दुसरे कानाशी धरून, तिन्ही सुस्कारे सारखे ऐकू येईपर्यंत स्क्रू फिरवायचे. कान तिचे, स्क्रू माझे. ते प्रथम जुळले तेव्हा ती म्हणाली, "अहो, वाढवा आता." मी वेग वाढवला. इंजिन असे गरजले की मडगार्डवर ठेवलेला तिचा चहाचा कप खाली पडून फुटला.

"वाढवा म्हटलं, उडवा नव्हे!"

"तू वाढवा म्हणालीस."

"म्हणजे बंद करा! चालत्या गोष्टीला बंद कर म्हणू नये. आमच्याकडे दुकान वाढवतात, बांगडी वाढवतात. आता हा कपही वाढला."

इंजिन म्हणजे दुकान नव्हे, असे मी तिला सांगितले. त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्या राजनजींकडे गेलो, तर ते शटर ओढत म्हणाले, "दुकान तो बढ़ा दी, भाईसाहब, कल आइए." घरी येईपर्यंत ती हसत होती. पुढे तो शब्द ती मुद्दाम दोन्ही अर्थांनी वापरू लागली. मी विचारायचो, "कोणते?" आणि ती अंगठा वर किंवा खाली करायची.

ताई, हे सर्व आपणास गंमत म्हणून लिहिलेले नाही.

रुग्णालयात त्या सकाळी तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता. दोन्ही हातांना सुया आणि पट्ट्या. शेजारच्या सलोनीने दिलेला जेवणाचा डबा माझ्या मांडीवर होता. विजयमाला माझ्याकडे पाहून काही बोलली. ओठ दिसत नव्हते. मला 'वाढवा' असे ऐकू आले.

परिचारिकेने विचारले, "क्या कह रही हैं माताजी?"

मी म्हणालो, "बढ़ाने को कह रही हैं."

तिने ऑक्सिजन वाढवला. सायंकाळी डॉक्टरांनी श्वासाच्या यंत्राविषयी विचारले, तेव्हाही मी तिची तीच इच्छा असल्याचे सांगितले. त्या यंत्रावर ती आठवडाभर होती. पुन्हा बोलली नाही.

तिचा अंगठा पट्टीत होता. 'कोणते?' असे मी विचारले नाही.

मला दुःख अनावर झाले आहे असे लिहिले, तर ते खरे होणार नाही. मला काहीच होत नाही. वर्तमानपत्र वाचतो, शेडमधील धूळ पुसतो. कार्ब्युरेटर जुळवण्यासाठी आता मापके आणली आहेत. कानांची आवश्यकता उरलेली नाही. परंतु इंजिन सुरू केलेले नाही. सुरू केले तर बंदही करावे लागेल.

तेव्हा कृपया कळवावे: आपल्या माहेरी आजारी माणसाच्या तोंडी हा शब्द कोणत्या अर्थाने येत असे? त्या सकाळच्या आदल्या दिवशी ती आपल्याशी फोनवर बोलली होती. त्यात काही आले असल्यास तेही लिहावे. उत्तर माझ्या सोयीचे असावे, अशी अपेक्षा नाही.

आपला,
रंगनाथ


मिरज
२६ नोव्हेंबर

श्री. रंगनाथराव यांस मंदाकिनीचे अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र आधी मनात वाचलं, मग मोठ्यानं वाचलं. आमच्याकडे दुकान वाढवतात, बांगडी वाढवतात. माणूस कुणी वाढवत नाही हो. आजाऱ्याच्या तोंडी हा शब्द मी जन्मात ऐकलेला नाही.

आता सांगते ते नीट वाचा. त्या दिवशी माला फोनवर स्वतःबद्दल एक अक्षर बोलली नाही. धाप लागत होती तरी तक्रार तुमचीच. "ताई, ती सलोनी डबा आणून देते आणि हे मांडीवर घेऊन बसतात, देवळात नारळ घेऊन बसल्यासारखे. झाकणसुद्धा उघडत नाहीत. मी सारखी म्हणते, वाढून घ्या, वाढून घ्या, तर ऐकतच नाहीत." मी म्हटलं, ऐकत नाहीत की ऐकू येत नाही? तर इतकी हसली की खोकलाच आला तिला.

वाढून घ्या, रंगनाथराव. तोंडावर तो मुखवटा आणि तुमचे ते कान! निम्मा शब्द तुमच्यापर्यंत पोचला, बाकीचा तुम्ही जोडलात. मी तिथे नव्हते, तेव्हा शपथेवर सांगणार नाही. पण बहीण माझी आहे. एवढा मोठा निकाल ती एका शब्दात देणारी नव्हे. नवऱ्याचं पोट रिकामं आहे, एवढंच तिला दिसलं असणार.

मोटारीचं तुमचं तुम्ही ठरवा. मी पुन्हा विषय काढणार नाही. पण तो डबा शेवटी खाल्लात का?

मंदाकिनी


॥ श्री ॥

खातीपुरा, जयपूर
५ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप ताई यांस,
सा. नमस्कार.

आपल्या प्रश्नाचे उत्तर: नाही. त्यातील अन्न टाकून, डबा धुऊन परत केला होता.

आपण म्हणता तसेच असेल, असे मी मानलेले नाही. तसे नसेल, असेही आता म्हणू शकत नाही. तीन अर्थांपैकी या अर्थाचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता, एवढे नमूद करतो.

आज सकाळी इंजिन सुरू केले. मापकांचे तिन्ही काटे एका रेषेत आले. तरीही नळी कानाशी धरली. ऐकू काही आले नाही. परंतु तिन्ही ठिकाणी तिने कान सारखाच ओढला. नोंदणी नसल्याने मोटार रस्त्यावर नेणे नियमात बसत नाही. म्हणून शेडपासून फाटकापर्यंत नेली आणि मागे आणली. आवाज ऐकून सलोनी कुंपणाशी आली.

"अंकलजी, चल गई! आंटीजी होतीं तो..."

मी 'वाढवतो' असे म्हणून किल्ली फिरवली. तिला ते कळले नसावे. नंतर, आजच्या दिवस डबा मिळू शकेल का, असे तिला विचारले. ती आत गेली.

मोटार विकणार नाही. वर्षश्राद्धास रेल्वेने मिरजेस येईन आणि परत जाईन.

डबा समोर आहे. झाकण अद्याप गरम आहे. तेव्हा हे पत्र, आपल्या माहेरच्या अर्थाने, इथे वाढवतो. आणि वाढून घेतो.

आपला,
रंगनाथ