ब्रेकची पिन कुणी काढली

हुमनाबाद, १९४१

नरसिंहअण्णास सुमतीचा नमस्कार.

आज कोर्टात जाताना दुबलगुंडीजवळच्या उतारावर आमच्या मोटारीचे ब्रेक लागलेच नाहीत. ह्यांनी गिअर खाली आणला, हँडब्रेक ओढला आणि मोटार नांगरलेल्या रानात घातली, म्हणून आम्ही दोघं वाचलो. मिस्त्री म्हणाला, “बाई, ब्रेकची पिन कुणीतरी काढलीया.”

तू ज्यांचा कारभारी आहेस, त्या देशमुखांविरुद्ध ह्यांना खुनाची साक्ष द्यायची आहे. ह्यांचा संशय देशमुखांच्या गड्यांवर आहे. पण काल आमच्याकडे मुक्कामाला तूच होतास. मीही सोबत जाणार हे कळताच तुझा चेहरा उतरला. “तू कामून जायलीस? राहा की घरी,” असं तीनदा म्हणालास.

हे मी ह्यांना सांगितलेलं नाही. हे पत्रही पोस्टात टाकवत नाही. उद्या पुन्हा साक्षीला निघायचंय. मी ह्यांच्या शेजारीच बसणार आहे, एवढाच तोंडी निरोप तुला धाडलाय.

तुझी बहीण,
सुमती