तीन कानांचा लांडगा

तीर्थरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार. (खोली एवढीशी आहे की साष्टांग घातला तर पाय जिन्यात जातात, म्हणून उभ्यानेच मानून घ्या.) तुमची कंबर कशी आहे? बॅगा शिवताना पाठीशी उशी घेता ना? मामीचा माझ्यावरचा राग उतरला नसेल तर उतरेपर्यंत हे पत्र तिला दाखवू नका.

तर बातमी अशी, की मला नोकरी लागली. गेलो होतो पाणी प्यायला, शिरलो निसर्गसंग्रहालयात. या भागातले झाडून सगळे पशुपक्षी, पेंढा भरून उभे केलेले. मी एका घुबडापाशी इतका वेळ रेंगाळलो (आधी पापणी कोण हलवतं अशी पैज होती, हरलो) की तिथल्या मुख्य बाईंनी विचारलं, "रिकामा आहेस का?" म्हटलं, जन्मापासून. त्यांनी हातात ब्रश दिला. आईनेही बजावलंय, या खेपेला एका जागी महिनाभर टिकला नाहीस तर घरी तोंड दाखवू नकोस.

काम सोपं. केसांच्या कलाने धूळ झाडायची. अस्वल झाडताना मला शंका आली (अस्वलाला कोंडा होत असेल का?) आणि कान जरा उलटा झाडला गेला. कान हातात! सुताराचा सरस आणला, तेवढ्यात वीज गेली. उन्हाने कातडी विटते म्हणून तिथल्या खिडक्या कायमच्या बंद. चाचपडत डोकं शोधलं, कान लावला, दाबून धरला. दिवे आले तर अस्वल एककानी आणि शेजारचा लांडगा तीन कानांचा! सरस असा बसलाय की लांडगा हलेल, कान हलणार नाही.

आणि दारात शाळेची सहल. गुरुजींनी चष्मा पुसला, कान मोजले, परत मोजले आणि पोरांना म्हणाले, "दुर्मीळ जात आहे. लिहून घ्या." पोरं गेल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "शनिवारपर्यंत ज्याचा कान त्याला. नाहीतर तू तुझ्या घरी." आता मला घर कुठलं, मामा?

तुमचा,
भाचा

ता. क. चामडं शिवणारा हात आपल्या घराण्यात एकच. दाभण नि मेणदोरा घेऊन शुक्रवारीच या. तुम्ही जनावरांचे नामांकित सर्जन आहात असं बाईंना सांगून ठेवलंय, तेव्हा धुतलेला सदरा घाला.

आणखी एक ता. क. पत्र टाकायला निघालो तर बाईंची हाक. पोरांनी घरोघर सांगितलं वाटतं; तीनकानी बघायला रांग लागलीय. लांडग्याला बोट लावायचं नाही, म्हणाल्या, अस्वलालाच नवा कान कर, मग तू इथलाच. तुम्ही आईला शिवून दिलेली ती काळी केसाळ पर्स आहे ना, तिचा एक कोपरा येताना कापून आणा, तेवढा पुरेल. आईला पर्सचं काही बोलू नका. मी टिकलोय, एवढंच सांगा.