तिसरी सोफी

एर्लनबाख,
१४ फेब्रुवारी १७६३

ती. आत्याबाईंस,
वाल्बुर्गाचा सा. न. वि. वि.

नमस्कार लिहिला खरा, पण मनातून नाही. काल दाई देवळातून बाळाला घेऊन परतली आणि हसत म्हणाली, की कुनिगुंडेबाई आल्या. मला वाटलं, तुम्हीच आलात. ती कुशीतलं बाळ दाखवत होती! हातातलं बिअरचं सूप अंथरुणावर सांडलं.

बाळंतिणीला बाप्तिस्म्याला जाता येत नाही, म्हणून विश्वासाने लेकरू तुमच्या हाती दिलं. धर्ममाता माझी बहीण सोफी. बाळाला धर्ममातेचंच नाव, ही आपली रीत. ती राहते त्या क्रोनाखची वाट बर्फाने अडली म्हणून तिच्या जागी तुम्ही उभं राहायचं आणि पाद्रीबाबांना सोफी म्हणून सांगायचं, एवढंच काम होतं. ह्यांच्या सख्ख्या आत्या तुम्ही, आणि स्वतःचंच नाव ठोकून दिलंत! वर मला तोंडही न दाखवता जेवणावरून उठून बाम्बेर्गला पळालात.

हेच नाव सापडलं? ऑर्लामुंडेच्या कुनिगुंडेने दुसऱ्या लग्नाच्या हौसेपायी पोटच्या दोन लेकरांना सुई टोचून मारलं. पांढऱ्या वस्त्रात तिचं भूत अजून तिच्या किल्ल्यात फिरतं म्हणतात. लहानपणी माहेरी तिचं नाव निघालं की आम्ही मुकाट जेवायचो. माझ्या दोन मुली आधीच मातीत आहेत, आत्याबाई. तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही?

हे म्हणतात, देवळात दिलेलं नाव आता निघत नाही. मी ते उच्चारणार नाही. शेवटी लोभ मागायची रीत आहे, पण आज ती पाळवत नाही.

वाल्बुर्गा


बाम्बेर्ग,
२० फेब्रुवारी

चि. सौ. वाल्बुर्गा हिस,
आत्याचे आशीर्वाद, नको असले तरी.

पत्र मिळालं. पळाले, हे खरं. सत्तरी उलटली तरी तुझ्या जिभेपुढे उभं राहायची माझी छाती नाही. तुझ्या नवऱ्याला, माझ्या भाच्या योबस्टला विचार, त्याचीही नाही.

पण त्या भुताशी माझी गाठ घालू नकोस. आपल्या जुन्या भाषेत कुनी म्हणजे कुळ, गुंडे म्हणजे लढाई. इथल्या कॅथेड्रलमध्ये सम्राज्ञी कुनिगुंडेची समाधी आहे, तिथे मी दिवा लावते. खोटा आळ पुसायला नांगराच्या तापलेल्या फाळांवरून ती अनवाणी चालली आणि तळव्याला फोडही आला नाही, असं सांगतात. आपल्या घराण्यात या नावाच्या मठाध्यक्षा होऊन गेल्या. आणि एक मी, नुसतीच म्हातारी.

आता खरं सांगते. मी सोफीच म्हणणार होते. पण तुझी पहिली सोफी गेली, मग दुसरीला तेच नाव दिलंस, तीही गेली. दोन्ही वेळा तुझी बहीण वेळेवर पोचली नाही आणि त्या इवल्या शवपेटीमागून मीच चालले. पाद्रीबाबांनी नाव विचारलं तेव्हा बाळाने माझं बोट धरलं होतं. मला ती पेटीच दिसली गं. ते नाव तिसऱ्यांदा ओठांवर येईना. म्हातारपणापर्यंत जगलेलं एक नाव माझ्यापाशी होतं, ते दिलं.

माझ्यावर राग धर, पण लेकराला जप.

कुनिगुंडे


एर्लनबाख,
३ सप्टेंबर

ती. आत्याबाईंस,
मायलेकींचा सा. न. वि. वि.

इतके महिने मी तिला नुसतं बाळ म्हणत होते. ऑगस्टात ताप चढला, अगदी त्या दोघींसारखा. डोळे फिरले. हे पाद्रीबाबांना आणायला धावले. मी बाळ, बाळ म्हणून हाका मारत होते आणि एकदम लक्षात आलं, त्या दोघींनाही मी अश्शाच हाका मारल्या होत्या. मग घर हादरेल अशी ओरडले, कुनिगुंडे! ताप उतरेपर्यंत तेच नाव घेत राहिले. स्वयंपाकीणबाई म्हणते, मी तुम्हालाच भांडायला बोलावतेय असं तिला वाटलं.

आता कुन्नी गवतावर लोळते, कुत्र्याचे कान ओढते. काल खीर भरवताना चांदीच्या चमच्यावर टक् असं वाजलं. मी चमचा टाकूनच दिला. वाटलं, काही गिळलं की काय! तोंडात बोट घातलं तर कडकडून चावली. दात, आत्याबाई! दात आला! किती वेळ मी नुसती रडत होते. हे घाबरून धावत आले, त्यांचंही बोट तिला चावायला दिलं.

आमच्या दोन्ही सोफी दातापर्यंत पोचल्याच नव्हत्या.

बोट दुखतंय, म्हणून अक्षर वाकडं. गाडी जोडा आणि या. या वेळी मी पळू देणार नाही.

तुमच्या,
वाल्बुर्गा आणि कुनिगुंडे