पाय धुण्याची संध्याकाळ

प्रिय ढब्बू,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू नुसता ‘हं, हं’ करतोस आणि मग मी हवापाण्यावर घसरते, म्हणून म्हटलं लिहावंच. आई मजेत आहे. तुझ्या भाचीचे पुढचे दोन दात पडलेत आणि त्या फटीतून ती दिवसभर शिट्ट्या वाजवून आमचं डोकं उठवते. तुझ्या भावोजींची बदली टळली, त्यामुळे ते घरात गाणी म्हणतात. शिट्ट्या परवडल्या.

बाबांनी काम सोडलं. सोडलं कसलं, गुडघ्यांनी सोडायला लावलं. जन्मभर लोकांच्या घरी फरशा बसवल्या, त्याची ही पावती. डॉक्टरांनी बजावलंय की यापुढे जमिनीवर गुडघे टेकायचे नाहीत, देवासमोरसुद्धा नाही. हा विनोद बाबांना मुळीच आवडला नाही. चर्चमध्ये सगळे गुडघ्यांवर येतात तेव्हा ते एकटेच बाकावर ताठ बसतात, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे. आणि घरात येता-जाता काठीच्या टोकाने फरशी वाजवून बघतात, कुठे पोकळ लागतेय का. आई म्हणते, आता माझंच डोकं वाजवून बघायचं राहिलंय.

शुभ शुक्रवार जवळ आला की मला त्याच्या आदल्या संध्याकाळचं ते घमेलं आठवतं. तुलाही आठवत असणार, तू कबूल करणार नाहीस ते सोड. सिमेंट कालवायचं घमेलं आई घासून घासून लख्ख करायची, कारण बाबांना दुसरं भांडं चालायचं नाही. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, मग घरच्या कर्त्याने घरच्यांचे धुवायला नकोत का, एवढं साधं त्यांचं म्हणणं. आधी आई, मग मी, मग तू. टॉवेलने पाय पुसला की टाचेवर बोटाच्या पेराने टकटक करायचे, कान जवळ न्यायचे आणि गंभीरपणे सांगायचे, “पोकळ नाही.” त्यांच्या तोंडून वर्षभरात निघणारा तो एकच विनोद होता. मला गुदगुल्या व्हायच्या आणि हसले की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

बाकीचे दिवस मात्र त्यांचा शब्द म्हणजे शब्द. जेवताना बोलायचं नाही, शास्त्रपाठाला उशीर करायचा नाही, आणि तू काय शिकायचं तेही त्यांनीच ठरवून टाकलेलं. आणि मग एका वर्षी तू घमेल्यातून पाय ओढून घेतलास. पाणी सांडलं. “वर्षभर हुकूम सोडायचे आणि एका संध्याकाळी पाय धुवायचे. मला नको हे,” असं तू म्हणालास. बाबांनी त्याच टॉवेलने फरशी पुसली. नंतर तू नोकरीला गेलास, येतोसही अधूनमधून, पण त्या संध्याकाळी कधीच नाही. खरं सांगू? मला तुझा राग आला नव्हता. मलाही ते पटलं होतं, फक्त माझे पाय नुकतेच धुवून झाले होते, कुठल्या तोंडाने बोलणार?

गेल्या वर्षीची गंमत तुला कुणी सांगितली नाही. भाचीचे पाय शेवटचे धुवून झाले आणि बाबा गुडघ्यांवर तसेच राहिले, मान खाली, हात घमेल्याच्या काठावर. आम्हाला वाटलं, प्रार्थना चालली आहे. आम्हीही डोळे मिटले. आज फारच लांबली, पण मध्येच कोण उठणार? भावोजींनी तर हळूच एकदा आमेन म्हणूनही पाहिलं. शेवटी आईने एक डोळा उघडला, तेव्हा कळलं की बाबांना उठताच येत नव्हतं. भावोजींनी आणि मी धरून उभं केलं. त्यांना विचारलं, हाक का मारली नाही? तर म्हणाले, तुम्ही प्रार्थना करत होतात. आम्ही हसून लोळलो, आणि मग मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

परवा दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलो होतो. समोर नवी फरशी बसवलेली, बाबा तिच्या सांध्यांकडे नाक मुरडून बघत होते. मला वाटलं, आता त्या कारागिराचा उद्धार होणार. तर एकदम म्हणाले, “तो बरोबर बोलला होता. दिवसभर मी लोकांच्या घरी गुडघ्यांवर असायचो. घरी आलो की वाटायचं, इथे तरी आपण उभं राहावं आणि बाकीच्यांनी वाकावं.” कोण बोलला हे विचारायची गरज नव्हती. त्याला सांगू का, असं मी विचारलं, तर म्हणाले, नंबर आला, चल.

आता मुद्द्याचं. या वर्षी बाबा खुर्चीत बसणार आहेत. घमेल्याशी कुणीतरी दुसऱ्याने बसायचं, हे त्यांना मान्य आहे. भावोजी तयार होते, मीही होते. आम्हा दोघांनाही त्यांनी ‘बघू’ म्हणून वाटेला लावलं. काल मी मागच्या दारी गेले तर ते पायरीवर ऊन खात बसले होते. कामावर गुडघ्यांना बांधायच्या त्या जाड रबरी गाद्या आठवतात ना? त्या स्वच्छ धुतलेल्या, आणि बाबा दाभणाने त्यांच्या पट्ट्यांना जास्तीचा तुकडा शिवत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, “अजून तसाच जाड आहे का तो?” मी म्हटलं, जास्तच. त्यांनी आणखी एक तुकडा जोडला. ये म्हणायला त्यांना जमणार नाही, ते तुला ठाऊक आहे आणि मलाही. त्या घमेल्यात आपल्या सगळ्यांचे पाय धुतले गेले, बाबांचे आजवर कुणीही धुतलेले नाहीत. गाद्या दारामागच्या खिळ्याला टांगल्या आहेत, आमच्यापैकी कुणाच्याच मापाच्या नाहीत. गुरुवारी अंधार पडायच्या आत ये.

तुझीच,
ताई