ओटीतली पावडर

आई,

आज लोणी देवकरच्या पलीकडच्या एका वस्तीवर जाऊन आले. पंच्याहत्तरी उलटल्यावर कुणी अशी गावोगाव हिंडत नाही, असं सगळे सांगतात आणि त्यांचं बरोबरच आहे. गुडघे तर रोजच सांगतात. पण काम चाळीस वर्षं झाली तेच आहे: शेतात औषध मारणाऱ्या बायकांची बाळंतपणं किती झाली, कितींची पोटं पडली, पुढं कुणाला कॅन्सर झाला, हे विचारायचं आणि लिहून घ्यायचं. बाईला विचारावं तर उत्तर नवरा देतो. औषधाचं नाव विचारावं तर 'निळ्या डब्यातलं' म्हणतात, आणि डबा दाखवा म्हटलं तर त्यात पीठ भरलेलं असतं. असे डबे घरात वापरू नका म्हणून इतकी वर्षं सांगतेय, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी अहवालात आम्ही काय लिहितो माहीत आहे? 'संबंध असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' या एका वाक्यासाठी माझं आयुष्य गेलं आणि ते वाक्य तुला वाचून दाखवलं असतं तर तू हसली असतीस.

तुला आठवतो का तो दिवस, आपल्या जळोचीच्या मळ्यातला? पन्नास साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी आठ-नऊ वर्षांची. वांग्यांवर कीड पडली म्हणून वडिलांनी बारामतीच्या बाजारातून पांढऱ्या पावडरीचं पोतं आणलं होतं. असलं काही आपल्या शेतात पहिल्यांदाच येत होतं. ते टाकायचं कसं, हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी जे माहीत होतं तेच केलं. आपल्याकडे पेरणीची पहिली मूठ दोन जिवांच्या बाईच्या ओटीतून पडायची, म्हणजे पीक भरून येतं. तुला पाचवा महिना होता. थोरली काकू पोत्याजवळ उभी राहून म्हणाली, "हेबी पिकाचंच हाय न्हवं? मग हिच्याच हातानं पडू द्या." तिनं सुपानं तुझी ओटी भरली आणि हळदीकुंकूही लावलं. तू लाजतेस, पदर पोटाशी गच्च धरतेस, आणि वांग्यांच्या सरींतून मुठी उधळत चालतेस. सगळं लुगडं पांढरं होत जातं. दुपारी त्याच पदराला हात पुसून तू भाकरी खाल्लीस. मी तुझ्या मांडीला टेकून बसले होते आणि तुझा किती मान आहे म्हणून मला फार अभिमान वाटत होता.

काकूचं मन वाईट नव्हतं, हे मला आता कळतं. बी आणि विष तिनं एकाच सुपात मोजलं, इतकंच. तिला सांगणारं कोण होतं?

मग महिन्याभरानं ग्रहण आलं. तुला आतल्या खोलीत निजवलं होतं. हलायचं नाही, विळी-सुरीला हात लावायचा नाही, काही चिरायचं नाही. मला भूक लागली आणि मी भोकाड पसरलं. तू दोनदा दाराकडे पाहिलंस, उठलीस, विळी घेतलीस आणि मला काकडी चिरून दिलीस. मीठही लावलंस.

सातव्या महिन्यात बाळ गेलेलंच जन्मलं. मुलगा होता. अंगणात बायका जमल्या आणि ग्रहणात हिनं काय केलं, हे एकमेकींना विचारू लागल्या. त्यात मी पुढं होऊन सांगितलं, आईनं काकडी चिरली. सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या म्हणून मला बरंसुद्धा वाटलं. काकूनं तुला विचारलं तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "व्हय, चिरली." कुणासाठी चिरली, ते सांगितलं नाहीस. त्यानंतर पेरणीची मूठ तुझ्या ओटीतून कधी पडली नाही, आणि कुणाच्या डोहाळजेवणाला तुला पुढं बसवलं नाही. पावडर मात्र दर हंगामाला तूच टाकत राहिलीस. तेवढं काम तुझ्याकडे राहिलं.

पुढं तुझ्या गर्भाशयात गाठ निघाली. मी तेव्हा डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होते. पुण्याच्या दवाखान्यात तू खाटेवर, मी स्टुलावर. तू भिंतीकडे पाहत विचारलंस, "त्या विळीचंच हे आसंल का गं?"

मी म्हणाले, आता बोलू नकोस, झोप. आणि तुझी चादर नीट केली.

ती पावडरच दोषी ठरावी असं मला फार वाटायचं. संशोधकानं असं वाटून घेऊ नये. म्हणून तुझी माहिती मी कुठल्याच तक्त्यात घातली नाही. एका बाईवरून काही सिद्ध होत नाही, आणि ती बाई आपली आई असेल तर मुळीच नाही. तुझं बाळ पावडरीनं गेलं का, तुझी गाठ तिच्यामुळे झाली का, मला खरंच माहीत नाही. चाळीस वर्षांनंतरही माहीत नाही, आणि आता मी थकले आहे.

आज त्या वस्तीवर एक बाई भेटली, पस्तिशीची असेल. डाळिंबाच्या बागेत औषध मारते. दोन पोटं पडलेली. माझे प्रश्न संपले तरी ती उठेना. सासू आत गेली तशी म्हणाली, "बाई, माझंच काय चुकलं आसंल का वो?" अशा वेळी काय म्हणायचं ते आम्ही पाहणीला येणाऱ्या मुलींना शिकवतो: अजून अभ्यास चालू आहे, ठाम सांगता येत नाही. मी कागद मिटला आणि तिला म्हणाले, "न्हाय. तुमचं काय सुदिक चुकलं न्हाय." ती रडली नाही. नुसती मान हलवत राहिली, आणि मग माझ्यासाठी चहा टाकायला गेली.

गाडीत मला एकदम लाज वाटली. पावडरीचं मला ठाऊक नाही, पण विळीचं ठाऊक होतं. ग्रहणात काकडी चिरल्यानं बाळ जात नाही, हे मला डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. त्यानंतर तू चार वर्षं जगलीस. प्रत्येक सुट्टीला मी घरी येत होते, तुझ्या हातची भाकरी खात होते. तुला तेवढं सांगायचं तर अंगणात कुणी चुगली केली, तेही बोलावं लागलं असतं. म्हणून मी गप्प बसले, आणि तू स्वतःला दोष देतच गेलीस.