बंदच्या दिवशी उंदरांचं पाणी

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. आज माझ्या एका विद्यार्थिनीनं विचारलं, की परभणीत त्या काळी असलं काम जमलं तरी कसं, आणि मी तुमची विद्यार्थिनी असतानाची आपली प्रयोगाची पत्र्याची खोली मला आठवली. नुकतंच जन्मलेलं उंदराचं पिल्लू बर्फावर बधिर करायचं, काचेच्या बारीक नळीनं छातीतली थायमस ग्रंथी ओढून घ्यायची, टाका घालायचा. पिल्लू आधी नीट वाढतं. मग रोगाशी झुंजायची ताकदच नसल्यानं झुरतं, साध्या घाणीनंही मरतं. त्यातल्या काहींना दुसऱ्या पिल्लाची ग्रंथी कातडीखाली बसवून ती ताकद परत येते का, ते आपण पाहत होतो. परीक्षा सोपी होती. पांढऱ्या उंदराच्या पाठीवर करड्या उंदराच्या कातडीचा तुकडा लावायचा. ताकद आली असेल तर अंग तो तुकडा वाळवून टाकून देणार, नसेल तर तो तिथंच जगणार.

तुकडे लावून झाले आणि नामांतराचं पेटलं. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला नि मराठवाडाभर आमच्या दलितांच्या वस्त्या जळायला लागल्या. आमचं गाव देवगाव फाट्यापासून आत. तिकडच्या एसट्या बंद. आई-अण्णा आहेत की नाहीत, कळायला मार्ग नव्हता. तुम्ही मला वसतिगृहातून घरी आणलंत. तुमच्या स्वयंपाकघरात मी ताटावर बसले आहे, तुम्ही भाकरी वाढताय, आणि मी ती नुसती कुस्करतेय.

“शिपाई आलेला नाही,” तुम्ही म्हणालात. “उंदरांना पाणी नाही. चल.”

“बाई, मला लय भ्या वाटायलंय.”

“मलाही वाटतंय. चप्पल घाल.”

दुकानं बंद, रस्त्यात टायर जळत होतं. कोपऱ्यावर दहा-बारा पोरं. एकाच्या हातात सायकलची चेन.

“बाई, कुठं निघालाव? बंद हाय, ठावं न्हाई का?” आणि मग माझ्याकडं बघून, “ही कोण हाय?”

मला त्या चेनीची भीती वाटलीच. पण त्याहून जास्त तुमची वाटली. तुम्ही वरच्या जातीच्या, मोठ्या शेतीवाडीच्या घरातल्या. माझ्या जातीचं नाव नुसतं उच्चारलं असतंत तर तुम्ही सुटला असतात.

“माझी भाची. जिंतूरची,” तुम्ही म्हणालात आणि माझं मनगट धरलंत. “बाजूला व्हा. जनावरं तहानलीत.”

ती बाजूला झाली. का झाली, मला आजही कळत नाही.

खोलीत पोचल्यावर माझ्या हातातून पाण्याची बाटली निसटली. “अशा अवस्थेत पिंजऱ्याला हात लावायचा नाही!” तुम्ही खेकसलात. “बस तिथं. आधी श्वास घे.” मी जमिनीवर बसले. तुम्ही एकेक उंदीर उचलून पाहत होतात. नुसती ग्रंथी काढलेल्यांच्या पाठीवर करडा तुकडा खुशाल जगत होता. ज्यांना दुसरी ग्रंथी बसवली होती, त्यांच्यातल्या एकीचा तुकडा काळा पडून, कडा सुटून वर आला होता. तुम्ही ती माझ्यासमोर धरलीत. “बघ, आली ताकद परत.” एवढ्या महिन्यांचं काम साधलं होतं, आणि मी दाराच्या कडीकडं बघत होते.

गाड्या सुरू झाल्या तशा तुम्ही माझ्याबरोबर फाट्यापर्यंत आलात. आई-अण्णा एसटीची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभे. अण्णा एवढंच म्हणाले, “घर गेलं. माणसं हायेत.” आईनं तुम्हाला विचारलं, “लेकरू जेवत होतं का हो?” तेव्हा तुम्ही पहिल्यांदा रडलात.

पुढं प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला तुम्ही तो दिवस सांगायचात. “जराही डगमगली नाही पोरगी,” असं म्हणायचात, आणि मी मान खाली घालून पिंजरे पुसायची. आज तुम्ही नाही, हा कागदही कुठं जाणार नाही, म्हणून लिहिते. अजूनही चौकात चार पोरं उभी दिसली की मी रस्ता बदलते, बाई.